वाडा उतरवताना निघालेलं जुनं सागवान नव्या दारांना वापरावं का?

जरूर वापरा, भंगारात तर मुळीच देऊ नका. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या तुळया-खांबांचं सागवान कित्येक पावसाळे पाहून मुरलेलं असतं. नवीन लाकूड पुरतं वाळलेलं नसेल, तर पहिल्याच उन्हाळ्यात चौकटीला फट पडते.

सुताराला आधी एका टोकाला रंधा मारायला सांगा. काळपट थराखाली सोनेरी-तपकिरी गाभा दिसला आणि तो चामड्यासारखा वास आला, की निर्धास्त व्हा. गाभ्यातल्या तेलकट अंशामुळे वाळवी सहसा लागत नाही; कडेचा पांढुरका भाग मात्र काढून टाका, त्याला ती लागते. भिंतीत गाडलेली टोकंही ठोकून बघा, ओलीने बरेचदा कुजलेली असतात. आणि खिळे एकूणएक उपटल्याशिवाय लाकूड करवतीवर नेऊ देऊ नका, माणसाला इजा होते.