साडेचार वर्षांच्या मुलाला रोजच्या रोज कृतज्ञतेची सवय कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की रोज रात्री मुलाला 'आजच्या तीन चांगल्या गोष्टी' विचारता, आणि तो तीनदा 'आईस्क्रीम' म्हणून मोकळा होतो. माझ्या मते त्याचं काही चुकत नाहीये, तो प्रश्नच त्याच्या वयाचा नाही.

अशा याद्यांसाठी एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या कृतज्ञतेवरच्या २००३ सालच्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. त्यातल्या पहिल्या प्रयोगात अमेरिकेतले कॉलेजचे विद्यार्थी होते आणि ते आठवड्यातून एकदा, फार तर पाच गोष्टी लिहायचे. साडेचार वर्षांच्या पोराला तर आत्ता कुठे उमगायला लागलेलं असतं की समोरच्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही चालू असतं. 'हे कोणीतरी माझ्यासाठी मुद्दाम केलं' एवढं कळल्याशिवाय आभार मानायचे तरी कोणाचे? म्हणून झोपायच्या वेळची उलटतपासणी सोडा. आईस्क्रीम हातात असतानाच विचारा, हे कोणी आणलं, वितळू नये म्हणून बाबांनी काय केलं. दिवसभरातलं काम चालू असताना ते करणारा माणूस दिसला, की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे त्या माणसासाठी मुलाला स्वतःच्या हातानं करता येईल असं काहीतरी.

आम्ही पुण्यात राहतो. मुलगी पाच वर्षांची, धाकटा अजून डायपरमध्ये. सकाळी कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. वापरलेले डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, अशी त्यांची मोहीम आहे, म्हणजे कचरा वेगळा करताना ते पुडकं उघडावं लागत नाही. आमच्याकडे ठिपका काढायचं खातं मुलीकडे आहे. ठिपका कसला, बहुतेक वेळा किरणांसकट सूर्य असतो! ताई म्हणाल्या, "चालंल की, लाल हाय ना." गेल्या महिन्यात कप फुटला तेव्हा ती आपणहून रद्दी घेऊन आली, "हा पण गुंडाळ, ताईंचा हात कापेल." काचेला हात लावू दिला नाही, पण पुडक्यावरचा ठिपका तिचाच. 'कचरेवाल्या ताईंना थँक्यू म्हण' असं मी तिला कधी सांगितलेलं नाही. त्या आल्या की ती दार उघडायला धावते, तेवढं मला पुरे आहे.

जेवणाच्या वेळीही असंच. श्लोक म्हणत असाल तर जरूर म्हणा, फक्त पाहुण्यांसमोर पाठांतराचा कार्यक्रम करू नका. श्लोक झाला की 'आज आमटी कोणी केली?' असं विचारायचं, आणि आजीनं केली असेल तर पहिली पोळी आजीच्या ताटात त्यानं वाढायची. मटार सोलायला बसवा. वाटीभर दाण्यांसाठी किती शेंगा लागतात ते एकदा बोटांना कळलं, की 'अन्न टाकू नये' हे भाषण निम्म्यावर येतं. (पूर्ण बंद होत नाही, आमच्याकडे दुधीच्या बाबतीत अजून चालू आहे.)

माझं सासर यवतमाळकडचं. तिथे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तूप लावून शेकतात आणि त्यांना सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी त्यांना कामाला जुंपायचं नाही. वर्षभर जू ज्या खांद्यावर असतं, नेमका तोच खांदा चोळायचा, ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. घरात तीच उचलली. भांड्यांच्या मावशींची सुट्टी असते त्या दिवशी कुरकुर करायची नाही, चमचे पुसायचं काम मुलीचं. मावशी दमतात म्हणून सुट्टी घेतात, हे तिला तेव्हाच सांगता येतं.

दोन गोष्टी मात्र कटाक्षानं टाळा. 'बघ, त्या गरीब मुलांना एवढंही मिळत नाही' हे वाक्य एक. त्यानं मुलाच्या मनात एक तर अपराधीपणा येतो, नाही तर आपण वरचढ असल्याची भावना. आणि 'मी तुझ्यासाठी एवढं करते' हे दुसरं. ती सरळसरळ वसुली झाली, आणि मुलं ती लगेच ओळखतात.

पाहुण्यांनी खाऊ आणला आणि तुमचा मुलगा तोंडातून शब्द काढत नसेल, तर त्याला कोपरानं ढोसू नका. त्याच्या देखत तुम्हीच म्हणा, "अरे वा, याला चिक्की आवडते हे तुमच्या लक्षात होतं!" आणि झोपेला आलेल्या किंवा तापलेल्या पोराकडून त्या दिवशी कसलीच अपेक्षा नको.