इकोत पीएफओ निघालं, म्हणजे स्ट्रोक येणारच का?

काहीही त्रास नसताना केलेल्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पीएफओ (पेटंट फोरामेन ओव्हेल, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली उघडी राहिलेली वाट) निघालं, तर ते लगेच बंद करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी इको विभागात तंत्रज्ञ आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, पण पीएफओ आम्हाला वरचेवर दिसतं.

याला छिद्र म्हटलं की माणूस उगाच घाबरतो. पोटातल्या बाळाची फुप्फुसं श्वास घेत नसतात, म्हणून उजव्या कर्णिकेतलं, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातलं, रक्त थेट डावीकडे जायला मध्ये एक झडप असते. जन्मानंतर ती मिटते आणि बहुतेकांत चिकटून जाते. साधारण चारातल्या एकात मात्र ती नुसती टेकलेली राहते. तपासताना आम्ही सलाइन दोन सिरिंजमध्ये इकडून तिकडे घुसळून बुडबुडे करतो, हाताच्या शिरेतून देतो आणि पेशंटला कुंथायला सांगतो. जोर सोडल्यावर तीनेक ठोक्यांत डाव्या बाजूला पांढरे ठिपके चमकले, की वाट उघडी. बुडबुडा जातो तशी पायातली गुठळीही डावीकडे आणि तिथून मेंदूत जाऊ शकते, ही भीतीची मुळं.

१९८८ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी पंचावन्नच्या आतले स्ट्रोकचे रुग्ण तपासले. त्यांच्यात पीएफओ ४० टक्के, तुलनेच्या गटात १० टक्के. आकडा दचकवणारा आहे, पण ती माणसं स्ट्रोक आल्यावर निवडलेली होती. पुढे सर्वसामान्य लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा नुसत्या पीएफओमुळे धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही. मला विचाराल तर तुमच्यासाठी हाच निष्कर्ष कामाचा.

स्ट्रोक येऊन गेलेल्यांचं गणित वेगळं. २०१७ च्या 'क्लोज' चाचणीत साठीपर्यंतचेच रुग्ण होते, दुसरं कारण न सापडलेले, आणि झडप फार हलणारी किंवा वाट मोठी असलेले. पीएफओ बंद केलेल्या २३८ जणांत पाचेक वर्षांत एकही स्ट्रोक नाही. रक्त पातळ करणाऱ्या अॅस्पिरिनसारख्या गोळ्यांवरच्या २३५ जणांत १४. पण बंद केलेल्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण जास्त निघालं, म्हणजे फुकट काही नाही. स्ट्रोक न आलेल्या माणसाचं पीएफओ म्हणूनच सहसा बंद करत नाहीत.

एक मात्र विचारून ठेवतो: स्कूबा डायव्हिंग करता का? वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होतात आणि त्यांना ही वाट सापडते. करत असाल, तर पुढच्या बुडीआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.