उपासनेत गिटार आणावी का?

प्रश्न: आमच्या भायखळ्याच्या मराठी चर्चपासून तरुण दुरावत आहेत. गिटार आणि ड्रम आणल्यास ते परततील का? ज्येष्ठ सभासदांचा विरोध आहे.

उत्तर: वाद्ये जरूर आणा, १८९५ मध्ये मुंबईतच बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगांत आणि कीर्तनात आणली, तेव्हा तीही पद्धत नवीच होती, हे ज्येष्ठांना आदराने सांगता येईल. मात्र जे तरुण आता विरार-कल्याणला राहतात आणि ज्यांना रविवारीही कामाची पाळी असते, ते केवळ ड्रमसाठी सकाळची लोकल पकडणार नाहीत. त्यांच्यासाठी संध्याकाळची उपासना ठेवा, चर्चच्या कमिटीत त्यांना मताधिकारासह जागा द्या, आणि नोकरी, घरभाडे, आंतरधर्मीय विवाह यांविषयीचे त्यांचे प्रश्न पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) उपदेशात घ्यावेत, असा आग्रह धरा.