नंबर तोच, मग किंमत वेगळी का? कंडेन्सरबद्दल वाचकांचे प्रश्न

नमस्कार. मागच्या अंकात पंख्याच्या कंडेन्सरबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि त्यावर एवढी पत्रं आली की हा अख्खा भाग त्यालाच देतेय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी रबाळे एमआयडीसीत कॅपॅसिटरच्या एका कारखान्यात टेस्टिंगला १९ वर्षं होते, म्हणून हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. पुस्तकात धारित्र म्हणतात, इंजिनिअर कॅपॅसिटर म्हणतात, दुकानात कंडेन्सर मागतात, वस्तू एकच, थोडी वीज साठवून ठेवणारी.

प्रश्न : ताई, माझे वडील वागळे इस्टेटला रेडिओच्या कामात होते. ते गेल्यावर माळ्यावर एक बिस्किटाचा डबा सापडला, त्यात चॉकलेटी रंगाचे, टपालाच्या तिकिटाएवढे चपटे कंडेन्सर आहेत, वर रंगीत ठिपके आहेत. शिवाय मेण लावलेली कागदी नळकांडी. नातवाबरोबर त्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ चालू करायचाय. हा माल वापरू का? आणि हा इतका जुना माल खरंच चांगला असायचा का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काका, आधी कामाचं. मेणवाली नळकांडी अजिबात लावू नका, आणि रेडिओत आधीपासून असतील तर तीही काढा. कागद मेणात कितीही बुडवला तरी वर्षानुवर्षं ओल ओढतो, मग त्यातून थोडा थोडा डीसी करंट गळायला लागतो, आणि तो कंडेन्सर नेमका आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे आतल्या नियंत्रण जाळीला, सिग्नल पोचवणारा असला तर तो गळका करंट व्हॉल्व्हला तापवून मारतो. जुना व्हॉल्व्ह आज शोधून मिळवायचा म्हणजे किती वणवण, तुम्हाला माहीतच आहे. तिथे त्याच व्हॅल्यूचा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त असलेला प्लास्टिकच्या फिल्मचा कॅपॅसिटर लावा. डब्यात पत्र्याचे तेल भरलेले चौकोनी कंडेन्सर असतील तर ते फोडू नका, नातवाच्या हातात तर देऊच नका, त्या काळी त्यात पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल हे विषारी तेल भरायचे. अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली.

चपटे चॉकलेटी मात्र जपून ठेवा. सहा ठिपके असतील तर पहिला ठिपका बघा, पांढरा किंवा काळा असला तर आत अभ्रक, चंदेरी असला तर आत कागद. अभ्रकाचा निघाला तर मीटरवर मोजून खुशाल वापरा. एकच सांगते, रेडिओच्या आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या (स्टेशनचा सिग्नल निवडून पुढे देणाऱ्या गुंडाळ्यांच्या) डबीत अभ्रकावर चांदी चढवलेले उघडे तुकडे असतात, त्यातली चांदी डीसी व्होल्टेजखाली हळूहळू सरकत जाते आणि मग रेडिओ पावसात भजी तळल्यासारखा कडकड करतो. तो आवाज आला की व्हॉल्व्हला दोष देण्याआधी तिथे बघा.

आता माल चांगला असायचा का, तर अभ्रकाचा होय, अगदी होय, आणि त्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे, तो फारसं कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. कंडेन्सरची सुरुवात १७४५-४६ ची, पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमध्ये लायडनला मुसेनब्रुक, दोघांना वेगवेगळं कळलं की काचेच्या बरणीत विजेचा साठा होतो. जहाजांवर वायरलेस आलं तेव्हासुद्धा ट्रान्समीटरमध्ये अशाच काचेच्या बरण्या असायच्या, जड आणि फुटणाऱ्या. मग विल्यम ड्युबिलियर या अमेरिकन माणसाने अभ्रकाचे पापुद्रे आणि धातूचे पत्रे एकाआड एक रचून दाबलेला कंडेन्सर आणला आणि पहिल्या महायुद्धापासून तो लष्करी वायरलेसमध्ये शिरला.

अभ्रकच का, तर निसर्गानेच त्याचे थर रचून ठेवलेत. सुरीचं टोक घातलं की पापुद्रा सुटतो, त्याचा आणखी सुटतो, कांद्याच्या सालीहून पातळ, आणि तो उष्णतेत, पावसात, चाळीस वर्षांत जवळजवळ बदलत नाही. सगळ्यात नावाजलेला माल कोडरमा आणि गिरिडीहचा, तेव्हाचा बिहार, आताचा झारखंड. लालसर झाक असलेलं ते रुबी अभ्रक. खाणीतून आलेले ठोकळे बायामाणसं हाताने सोलायची, डाग आणि बुडबुडे असलेला भाग कापून टाकायची, उजेडात धरून प्रतवारी लावायची. काका, उच्च विश्वासार्हता वगैरे शब्द पुढे आले, पण हा डाग दिसला, हा बाजूला काढ, हे काम तिथे कोडरम्यात आधीपासून चालू होतं. दुसऱ्या महायुद्धात तर ब्रिटन आणि अमेरिकेने अभ्रक खरेदीसाठी संयुक्त मायका मिशन भारतात बसवलं होतं, कारण विमानातल्या रेडिओपासून रडारपर्यंत सगळं त्यावर अडलं होतं. तुमच्या डब्यातल्या एखाद्या चपट्या वडीत कोडरम्याच्या एखाद्या बाईने सोललेला पापुद्रा असू शकतो, हे नातवाला नक्की सांगा.

ज्यांना हे अभ्रक सहज मिळत नव्हतं त्यांनी दुसरं काहीतरी शोधलं. जर्मनीने टायटॅनियम ऑक्साइडचे सिरॅमिक कंडेन्सर वाढवले. अमेरिकेत कॉर्निंगने काचेच्या पातळ फिती आणि अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे एकत्र वितळवून अखंड ठोकळा केला, तो पुढे क्षेपणास्त्रांत आणि अवकाशयानांत गेला. आणि १९४० च्या दशकात अमेरिका, रशिया, जपान तिघांनाही स्वतंत्रपणे बेरियम टायटॅनेट हे सिरॅमिक सापडलं. अभ्रकाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे साठा किती पट वाढतो तो आकडा, ६-७, याचा हजाराच्या वर, म्हणजे तेवढ्याच जागेत शेकडोपट साठा. आपल्या मोबाइलमध्ये मोहरीएवढे आणि त्याहूनही लहान शेकडो कंडेन्सर बसतात ते याच वाणाचे. फक्त तापमान आणि व्होल्टेज बदललं की हे बेरियमवाले आपली व्हॅल्यू बदलतात, अभ्रकासारखे एका जागी राहत नाहीत.

प्रश्न : ताई, मी महापेला एका छोट्या कंपनीत डिझाइनला आहे, पहिलीच नोकरी. १२ व्होल्टच्या सप्लायवर मी १६ व्होल्टचा टँटलम धातूचा कंडेन्सर लावला होता, डेटाशीट बघूनच लावला होता. कस्टमरकडे प्लग लावताक्षणी तो पेटला, अक्षरशः ज्योत आली. साहेब म्हणतात तुझं डिझाइन चुकलं, सीनियर म्हणतो स्वस्तातला माल घेतला म्हणून झालं. मिलिटरी ग्रेडचा तोच नंबर कितीतरी पट महाग आहे, तो घेतला असता तर वाचलो असतो का?
– एक इंजिनिअर, घणसोली

उत्तर : आधी मन शांत कर, ही चूक तुझ्या आधी कितीतरी जणांनी केलेली आहे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण महाग माल घेऊन १२ वर १६ च लावला असतास तर मी तुला वाचलास असं म्हणाले नसते.

टँटलमच्या आत काय आहे ते समजलं की ज्योत कुठून आली ते कळेल. ट्रान्झिस्टर १९४७ चा, त्याला कमी व्होल्टेजचे, लहान आणि जास्त साठा असलेले कंडेन्सर हवे होते, आणि ओल्या अ‍ॅल्युमिनियमवाल्यातलं पाणी सुकून जायचं. म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेने सगळं कोरडं असलेला टँटलम कंडेन्सर केला आणि स्प्रेग कंपनीने तो बाजारात आणला. टँटलमची पूड दाबून गोळी करतात, व्हॅक्यूममध्ये भट्टीत भाजतात, ती स्पंजसारखी सच्छिद्र होते, मग आतल्या प्रत्येक कणावर विजेने ऑक्साइडचा थर चढवतात, थर चढवताना लावलेल्या एका व्होल्टला जेमतेम दोन नॅनोमीटर. मग ती गोळी मँगनीज नायट्रेटमध्ये बुडवून तापवतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा तापवतात, असं कितीतरी वेळा, म्हणजे आत मँगनीज डायऑक्साइड भरतं.

हे मँगनीज डायऑक्साइड फार हुशार आहे. ऑक्साइडच्या थरात बारीक खोट असली तर तिथून करंट वाहतो, तेवढी जागा तापते, आणि तिथलं मँगनीज डायऑक्साइड ऑक्सिजन सोडून कमी वीज नेणाऱ्या रूपात जातं, खोट आपोआप बुजते. पण त्यासाठी करंट थोडा लागतो. सप्लाय दणकट असला, मध्ये रेझिस्टन्स काहीच नसला आणि प्लग लावताना करंटचा लोंढा आला, तर बुजायच्या आत थर फुटतो, टँटलम स्वतः जळणारा धातू, आणि शेजारी ऑक्सिजन देणारं मँगनीज डायऑक्साइड. इंधन आणि हवा एकाच डबीत. म्हणून जुनी माणसं सांगायची की टँटलमवर लिहिलेल्या व्होल्टेजच्या निम्मंच लावा. तुझ्या १२ ला २५ चा हवा होता, किंवा ३५ चा, आणि इनपुटला करंट रोखणारं काहीतरी. निम्म्याचा हा नियम सध्याच्या घाईत नवीन मुलांना कुणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मिलिटरी ग्रेड. माल तोच, रसायन तेच, बहुतेक वेळा मशीनही तीच. किंमत आहे ती पुराव्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराच्या लक्षात आलं की साधनं लढाईत कमी आणि गोदामात, बोटीवर, पावसात जास्त मरतायत. त्यावर नेमलेल्या एग्री समितीचा अहवाल १९५७ मध्ये आला आणि भरवसा हा आकड्यात लिहून मागायची पद्धत बसली. १९६२ मध्ये तैनात झालेल्या मिनिटमन क्षेपणास्त्रासाठी तर एकेका सुट्या भागाच्या कारखान्यात जाऊन सुधारणा करवून घेतल्या. त्यातून एस्टॅब्लिश्ड रिलायबिलिटीची, म्हणजे टेस्ट करून सिद्ध केलेल्या भरवशाची, अक्षरं आली, एम म्हणजे १,००० तासांत १ टक्का बाद, पी म्हणजे ०.१, आर ०.०१ आणि एस ०.००१ टक्का.

एस किती कठीण आहे ते हिशोब करून बघ. एकही पीस बाद न होता, ते पण फक्त ६० टक्के खात्रीने हा दावा करायचा तर साधारण ९ कोटी २० लाख पीस-तास टेस्ट लागते, म्हणजे १०,००० पीस ओव्हनमध्ये व्होल्टेज लावून एक वर्षाहून जास्त काळ. लहान कारखान्याला हे झेपतच नाही, आणि महाग मालातली बरीचशी किंमत या ओव्हनच्या तासांची आहे. शिवाय प्रत्येक पीसला बर्न-इन, म्हणजे आधीच तापवून व्होल्टेजखाली ठेवणं, एक्स-रे काढून आत गोळी तिरकी बसलीय का सोल्डरचा थेंब सुटलाय ते बघणं, लॉटमधले, म्हणजे एकत्र बनलेल्या खेपेतले, काही कापून आत डोकावणं, आणि प्रत्येक लॉटचा कागद, पूड कुठल्या बॅचची इथपर्यंत.

हे कागद म्हणजे नुसता सोपस्कार वाटतो ना? मलाही नवीन असताना वाटायचं. एका जुलैत आमच्याकडे फिल्मच्या कंडेन्सरच्या एका लॉटचा इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे करंटची गळती रोखायची ताकद, एकदम खाली आला, सकाळी बरा, दुपारी पाऊस वाढला की खराब. तीन दिवस मशीन तपासलं, काही सापडेना. लॉट कार्डवर वाइंडिंगची (फिल्म गुंडाळायची) शिफ्ट लिहिलेली होती, फक्त एकाच शिफ्टचा माल पडत होता. मी जाऊन उभी राहिले तर त्या शिफ्टची नवीन मुलगी बोटाला रबराची टोपी न घालता गुंडाळी उचलत होती, हाताला केसांचं तेल आणि घाम, तो ठसा कडेवर बसत होता, वरून कोटिंग, मग ओल तिथेच धरून राहायची. त्या पोरीची चूक नव्हती, तिला टोप्या दिल्याच नव्हत्या. कार्ड नसतं तर आम्ही अजून मशीनच उघडत बसलो असतो.

आणि एक गोष्ट अजून बोचते. नंतर एका दुसऱ्या कंपनीत, नाव नको, पहिल्या टेस्टला पडलेले पीस परत टेस्ट करून पास झाले तर चांगल्यात मिसळायला सांगायचे. मी भांडले. कारण पहिल्यांदा व्होल्टेज लावलं की खोट तात्पुरती बुजते आणि दुसऱ्यांदा पीस पास होतो, पण तो तोच पीस आहे. पुढे तो कुणाच्या हॉस्पिटलच्या मशीनमध्ये जाणार हे आपल्याला माहीत नसतं. तेव्हा माल घेताना नुसता नंबर बघू नकोस, सप्लायरला लॉटचा टेस्ट रिपोर्ट आणि बाद झालेल्यांचं काय केलं ते विचार. आणि साहेबांना हे पान दाखव.

प्रश्न : पंख्याचा कंडेन्सर फुगत नाही, फुटत नाही, तरी दोन वर्षांत पंखा हळू का होतो?
– एक गृहिणी, कोपरखैरणे

उत्तर : त्यात प्लास्टिकची फिल्म असते आणि तिच्यावर धातूचा वाफेने चढवलेला अगदी पातळ थर. फिल्म कुठे कमजोर पडली की ठिणगी पडते आणि त्या जागेभोवतीचा धातू वाफ होऊन उडून जातो, म्हणजे शॉर्ट होत नाही, जखम भरते. जर्मनीत बॉशने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदावर धातू चढवून हेच केलं होतं. पण प्रत्येक जखमेला थोडा धातू जातो, वरून आपल्याकडची दमट हवा धातू खाते, म्हणून २.५ मायक्रोफॅरडचा हळूहळू २ च्या खाली येतो आणि पंखा रेंगाळतो. मोटरच्या वाइंडिंगमध्ये दोष नसेल तर नवा कंडेन्सर लावला की काम झालं. जुन्यावर जो आकडा छापलाय तोच घ्या, जास्त घेतला म्हणजे पंखा जोरात फिरेल असं दुकानदार सांगेल, ते ऐकू नका, मोटर तापते. आणि बदलायच्या आधी मेन स्विच बंद करा, स्टूल कुणालातरी धरायला सांगा.