आठवणीतलं रंगवायचंय? मग सुरुवात अशी करा

घरातल्या एका खोलीत स्टुडिओ मांडून गावाकडच्या आठवणी रंगवायच्या ठरवल्यात, वाचून फार आनंद झाला. आत्ता मोजकंच सांगते.

खोली लहान असली तरी चालेल. उत्तरेची खिडकी असेल तर टेबल तिथेच लावा, तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. आणि टेबल रोज आवरून टाकू नका. सगळं मांडलेलं असलं की अर्धा तास मिळाला तरी काम होतं.

फोटो समोर ठेवून चित्र सुरू करणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. फोटोत सगळंच येतं, आठवण मात्र निवड करते. आधी मनात जे उरलंय तेवढंच पेन्सिलीनं काढा. ओटीवरचं ऊन आठवतंय पण खांब किती होते ते नाही? मग ऊनच काढा. चित्रकार सय्यद हैदर रझांना लहानपणी शाळेत गुरुजींनी मन एकाग्र व्हावं म्हणून भिंतीवर ठिपका काढून दिला होता. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले, आणि कित्येक वर्षांनी तोच ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला. एवढीशी आठवण पुरते!

बाकी तीन गोष्टी:
- रंग पाच-सहाच घ्या, मिसळायला शिका.
- जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद वापरा. पातळ कागद पाण्यानं फुगतो आणि आपल्याला वाटतं हातच वाईट.
- फसलेलं चित्र फाडू नका. मागे तारीख घाला, तोच विषय पुन्हा काढा.

तैलरंग, कॅनव्हास, प्रदर्शन हे सगळं नंतर. पहिली रेखाटनं झाली की नक्की दाखवा.