अवजड ट्रक : आधी कोणता हिशेब मांडावा?

अवजड ट्रक निवडताना आधी इंधनाची बचत पाहावी की एकूण खर्च, या योग्य प्रश्नापासून तुम्ही सुरुवात केली आहे, कारण सर्वांत कमी इंधन जाळणारा ट्रक चालवायला सर्वांत स्वस्त असेलच असे नाही. प्रथम मोजमाप बदला: लिटरमागे किती किलोमीटर यापेक्षा, एक टन माल एक किलोमीटर नेण्यास किती इंधन आणि एकूण किती खर्च लागतो, हे पाहा, रिकाम्या परतीच्या फेऱ्याही त्यात धरा.

मग मार्ग आणि वेग ठरवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून महामार्गावर सतत धावणाऱ्या ट्रकला तो कमी करणारी आवरणे लाभदायक ठरतात. थांबत-थांबत जाणाऱ्या ट्रकवर मात्र ती बहुधा केवळ वजन वाढवतात. टायरचा रोध वजनाबरोबर वाढतो आणि कमी वेगातही टळत नाही, त्यामुळे टायरची निवड व हवेचा दाब यांकडे नवशिक्यांचे होणारे दुर्लक्ष मला फार खटकते.

नेहमीच्या चुका दोन:

- इंजिनाच्या सर्वोच्च कार्यक्षमतेच्या आकड्यावर विसंबणे.
- बॅटरी किंवा अन्य यंत्रणेच्या वजनामुळे घटणारी भारक्षमता, देखभाल आणि ट्रक बंद राहण्याचे दिवस हिशेबात न धरणे.

गिअरच्या गुणोत्तरांचे बारकावे तूर्त बाजूला ठेवा. आधी एका ठरावीक मार्गाचा पूर्ण खर्च कागदावर मांडा.