जुन्या बुलेटच्या क्लचमधून खळखळ येतेय? प्लेटा विकत घ्यायच्या आधी हे बघा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. १९९१ ची स्टँडर्ड ३५०, वडिलांची गाडी, चार गिअर, गिअर उजव्या पायाला. न्यूट्रलला उभी असली की डाव्या बाजूने खळखळ येते, थोडी रेस दिली की जाते, क्लच दाबला की आवाज बदलतो पण थांबत नाही, आणि मेकॅनिक म्हणतोय ड्रम, प्लेटा, स्प्रिंगा सगळंच बदलून टाकू. लगेच हो म्हणू नका. माझ्याकडे घरचीच १९८८ ची आहे, मीच चालवतो आणि मीच उघडतो, हा आवाज मी तीन वेगवेगळ्या कारणांनी ऐकलाय आणि त्यात प्लेटा एकदाही दोषी नव्हत्या.

कास्ट आयर्न (म्हणजे जुन्या बिडाच्या इंजिनच्या) बुलेटला डाव्या बाजूच्या एकाच ॲल्युमिनियमच्या कव्हरखाली तीन गोष्टी नांदतात. क्रँकवरून क्लचला जाणारी प्रायमरी चेन (डबल पदरी), क्लच स्वतः (बाहेर चेनने फिरणारा ड्रम, आत गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टवर बसलेलं सेंटर आणि दोघांच्या मध्ये प्लेटा), आणि क्रँकच्या टोकावर बसलेला अल्टरनेटरचा, म्हणजे वीज बनवणाऱ्या यंत्राचा, फिरणारा रोटर. तिन्हीपैकी काहीही वाजलं तरी कव्हर डब्यासारखं घुमतं आणि बाहेरून ऐकणारा म्हणतो क्लच वाजतोय. त्यामुळे पहिलं काम म्हणजे आवाज कुणाचा ते ठरवणं, आणि ते एकही नट न उघडता बऱ्यापैकी ठरवता येतं, फक्त क्लचचा लिव्हर आणि आपला कान लागतो.

गाडी पाचसात किलोमीटर फिरवून गरम करा, मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल, इंजिन चालू. लिव्हर सोडलेला असताना चेन, ड्रम, प्लेटा, क्लच सेंटर आणि गिअरबॉक्सची मेन शाफ्ट सगळं एकत्र फिरत असतं. आता लिव्हर पूर्ण दाबा आणि दोन सेकंद थांबा. मेन शाफ्ट हळू होते, थांबते, पण चेन आणि ड्रम फिरतच राहतात. म्हणजे लिव्हर दाबल्यावर जो आवाज पूर्ण बंद होतो तो गिअरबॉक्सचा, मेन शाफ्टच्या बेअरिंगचा किंवा सेंटरचा नट ढिला असल्याचा. दाबल्यावर जो आवाज नव्याने सुरू होतो तो पुश रॉड (क्लच दाबला की प्लेटा मोकळ्या करणारी सळई) आणि तो ज्याला ढकलतो त्या पॅडचा, नाहीतर मोकळ्या झालेल्या प्लेटांचे कान ड्रमच्या खाचांमध्ये वाजत असतात. आणि जो दाबा-सोडा, काहीही करा, जवळजवळ तसाच राहतो तो चेनचा नाहीतर रोटरचा. ड्रमचं बेअरिंग झिजलेलं असेल तर मात्र गोंधळ होतो, कारण लिव्हर दाबला की ड्रमवरचा जोर बदलतो आणि आवाजाचा पोत बदलतो, थांबत मात्र नाही. तुम्ही लिहिलंय ते नेमकं हेच आहे, म्हणून माझा पहिला संशय चेनवर आणि दुसरा ड्रमच्या बेअरिंगवर.

ही लिव्हरची परीक्षा बाकी गाड्यांनाही लागू पडते पण उत्तरं वेगळी येतात. आरएक्स १०० किंवा स्प्लेंडरला प्रायमरी चेनच नाही, तिथे गिअरवर गिअर चालतो आणि हाऊसिंगच्या मागे झटके शोषणारे डॅम्पर असतात, ते ढिले झाले की स्लोवर (रेस न देता नुसतं चालू ठेवल्यावर) कडकड आणि क्लच दाबला की शांत. त्यामुळे स्प्लेंडरवाल्या मित्राचा सल्ला बुलेटला लावू नका.

आता स्लोबद्दल. आपल्याकडे बुलेटवाल्यांना स्लो एकदम खाली लावायची हौस असते, डग... डग... असा प्रत्येक ठोका मोजता आला पाहिजे. ऐकायला मलाही आवडतं. पण एक सिलेंडर, जड फ्लायव्हील आणि इतका कमी स्लो म्हणजे प्रत्येक ठोक्याला चेन एकदा ताणली जाते आणि एकदा ढिली पडते. चेन थोडी जरी सैल असली तरी ती या झटक्याने आपटते. शिवाय या इंजिनाच्या ऑइल पंपाचा वेगही इंजिनाच्या वेगाबरोबर कमी-जास्त होतो, इतक्या कमी स्लोवर बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला) तेल कमी पोचतं, म्हणजे आवाजापलीकडेही नुकसान आहे. कार्ब्युरेटरचा स्लो स्क्रू अर्धा-पाऊण फेरा आत घ्या, ठोके एकसारखे होऊ द्या आणि परत ऐका. तुमची खळखळ रेस दिल्यावर जाते म्हणता, तर इथेच ती निम्मी होईल असं मला वाटतं. निम्मी झाली तर चेनवरचा संशय पक्का. आजार गेलेला नसतो हे मात्र ध्यानात ठेवा, चेन सैल ती सैलच.

मग केबल. हँडलपाशी लिव्हरला दोन-तीन मिमी मोकळं हालतं का बघा. बरेच जण क्लच ‘वरून पकडतो’ म्हणून केबल इतकी ताणून ठेवतात की मोकळीक शून्य. तेव्हा गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टमधून आरपार जाणारा पुश रॉड कायम दाबलेला राहतो, त्याचं टोक पॅडवर घासत राहतं. माझी गाडी पहिल्यांदा वाजायला लागली ती यानेच. आंबा घाट चढून वर आलो, साखरप्याहून पूर्ण चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे ट्रक, हात सारखा क्लचवर, आणि वर पोचेपर्यंत लिव्हर दाबला की कुंईईई असा बारीक आवाज. घरी येऊन प्रेशर प्लेट (प्लेटा दाबून धरणारी बाहेरची चकती) काढली, पॅड निघालं, रॉड ओढायला गेलो तर शेवटची दोन बोटं बाहेर येईना. हलवून हलवून काढला तेव्हा दिसलं, उजवीकडचं टोक निळं-काळं पडलेलं आणि ठोकलेल्या खिळ्याच्या डोक्यासारखं चेपून पसरलेलं, ते भोकात अडकत होतं. असा रॉड लेथवर घासून परत घालू नका. टोकाचा कडकपणा गेलेला असतो आणि रॉड आखूड होतो, मग केबलचा ॲडजस्टर संपेपर्यंत फिरवत बसावं लागतं. नवा रॉड आणि नवं पॅड जोडीने घाला, टोकाला ग्रीसचा ठिपका, आणि लिव्हरला मोकळीक ठेवा.

चेनचा ताण कव्हर न काढता पण समजतो. कव्हरवरचं इन्स्पेक्शनचं झाकण उघडा, बोट आत घालून चेनचा वरचा पदर वर-खाली करा. इंजिन अर्थातच बंद, आणि हे करताना कुणी किकला हात लावणार नाही एवढं बघा. साधारण पाव इंच म्हणजे सहा मिमी हालली पाहिजे. पण एकाच जागी बघून समाधान मानू नका, किक हळूहळू दाबत चेन थोडी पुढे सरकवा, परत बघा, असं आठ-दहा ठिकाणी. जुनी चेन सगळीकडे सारखी वाढत नाही, एका जागी ताठ लागते आणि दुसरीकडे लोंबते. सहा मिमी ही सगळ्यात ताठ जागेवर हवी. सैल जागेवर माप घेऊन चेन आवळली तर ताठ जागी ती गिटारच्या तारेसारखी होते आणि ड्रमचं बेअरिंग व क्रँकचं बेअरिंग दोन्ही खाते. ताठ आणि सैल जागेत खूपच फरक असेल तर चेनचं आयुष्य संपलंय, ॲडजस्ट करून उपयोग नाही.

ताण लावायला मात्र कव्हर उतरवावं लागतं. खाली परात ठेवून तेल काढा, डावा फूटरेस्ट आणि ब्रेकचा पेडल सोडवा, मधला एकच मोठा नट, कव्हर हातात. निघालेलं तेल फेकू नका, परातीत झटकून बघा. चांदीसारखी बारीक चमक असेल तर कुठलं तरी लोखंड घासतंय, काळा चोथा असेल तर प्लेटांचं अस्तर जातंय. कव्हरची आतली बाजू पण बघा, चेन घासल्याची चकचकीत रेघ पडली असेल तर खटला तिथेच निकाली. खालच्या पदराखाली टेन्शनरची पट्टी असते, तिचा लॉक नट ढिला करून स्क्रूने ती वर उचलायची. पट्टीत चेनने खोल चर पाडले असतील तर ती पण बदला.

कव्हर उघडलंच आहे तर बाकीचं याच बैठकीत तपासा. ड्रमच्या कडेला दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर, वर-खाली हलवा. किंचित हालणं चालतं, पण टक टक असं स्पष्ट हाताला लागलं तर बेअरिंग गेलंय. मग प्रेशर प्लेट काढून सेंटरचा नट बघा. या नटाबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. दुसऱ्या वेळेस माझी गाडी वाजली तेव्हा मी घाईत होतो म्हणून एका गॅरेजला दिली, त्यांनी नव्या प्लेटा घातल्या, चार दिवस बरी चालली आणि पाचव्या दिवशी खडखड दुप्पट. उघडली तर नट बोटाने फिरत होता, लॉक वायसरचा कान दुमडलेलाच नव्हता, आणि ढिल्या सेंटरने शाफ्टच्या दातांना कड पाडलेली. तेव्हा लॉक वायसर प्रत्येक वेळी नवीन, आणि त्याचा कान नटाच्या सपाट बाजूवर नीट बसवलेला. नट छिन्नी-हातोड्याने मारू नका, गोटी पाना लावा. सेंटर धरून ठेवायला एक जुनी स्टील प्लेट आणि एक जुनी अस्तराची प्लेट एकत्र वेल्ड करून त्याला लोखंडी दांडा जोडून घ्या. मी आमच्या इथे उद्यमनगरात करून घेतला, तो अजून चालतोय. गिअर टाकून ब्रेक दाबायची युक्ती इथे सोयीची नाही, ब्रेकचा पेडल तुम्ही आधीच काढून ठेवलेला असतो.

ड्रमच्या खाचांवरून बोट फिरवा. प्लेटांचे कान जिथे आपटतात तिथे पायऱ्या पडतात. नखाला जेमतेम लागतील एवढ्या असतील तर बारीक कानशीने सगळ्या खाचा सारख्या घासून घ्या, एकच जास्त घासलीत तर त्या बाजूला प्लेट तिरकी ओढली जाईल. पायरीत नख अडकून बसत असेल तर ड्रम बदलायचा. स्टील प्लेटा काचेवर ठेवून टॉर्च मारा, खालून उजेड दिसला तर वाकलीय, निळे डाग दिसले तर भाजलीय. आणि हे सगळं ठीक असेल तर प्लेटा परत घाला, जुन्या झाल्या म्हणून चांगल्या प्लेटा टाकून देऊ नका. माझ्या अनुभवात आज मिळणाऱ्या काही डुप्लिकेट प्लेटांचे कान इतके ढिले बसतात की नवा सेट घातल्यावरच गाडी वाजायला लागते. पुण्यात नाना पेठेत घेणार असाल तर जुनी प्लेट सोबत न्या आणि दुकानातच एकावर एक ठेवून बघा.

राहिला रोटर, आणि याला मी सगळ्यात जास्त घाबरतो, कारण त्याची टक टक ऐकून चांगले मेकॅनिकही बिग एंड गेला म्हणतात आणि पूर्ण इंजिन उघडतात. रोटरच्या भोवती बसलेला स्टेटर (अल्टरनेटरचा न फिरणारा भाग) आधी काढा, मग रोटर मुठीत धरून दोन्ही दिशांना पिळून बघा. क्रँक न हालता रोटर किंचित जरी फिरला तर नट ढिला आहे किंवा चावी झिजलीय. मग स्टेटर परत बसवून रोटर आणि स्टेटरच्या मध्ये आठ थाऊची, म्हणजे ०.२ मिमीची फीलर पट्टी घालून चारी बाजूंनी फिरवा, कुठे अडकायला नको. रोटरवर चकचकीत घासल्याची पट्टी दिसली तर तो स्टेटरला लागतोय, स्टेटरचे नट सैल करून मध्यावर आणा.

बंद करताना कव्हरचं रबर नवीन घाला आणि मधला नट जीव खाऊन आवळू नका, कव्हर वाकतं आणि मग आयुष्यभर तेल गळतं. तेल लेव्हलच्या स्क्रूमधून ठिबकायला लागेपर्यंतच, गाडी मेन स्टँडवर सरळ. कारचं तेल घालू नका, डब्यावर जासो एमए (तेलात चालणाऱ्या क्लचच्या दुचाकींसाठीचा दर्जा) लिहिलेलं घ्या, कारच्या बऱ्याच तेलांमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि प्लेटा घसरायला लागतात.

आता तुमच्यासाठी क्रम असा, आधी स्लो वर घ्या, मग लिव्हरची मोकळीक, मग झाकणातून चेन. हे तिन्ही अर्ध्या तासात होतं आणि एक रुपया लागत नाही. एक लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवा आणि टोक आधी चेनकेसच्या पुढच्या भागावर रोटरसमोर, मग मागे क्लचसमोर, मग उजवीकडे गिअरबॉक्सवर ठेवून ऐका, फरक लगेच कळतो. नंतर मला एवढंच लिहा की चेन ताठ जागी किती हालते, सैल जागी किती हालते, आणि लिव्हर दाबून दोन सेकंद थांबल्यावर आवाज कमी होतो की फक्त बारीक होतो. कव्हर उघडायचं की नाही ते त्यावर ठरवू, आणि उघडायचं ठरलं तर रबर आणि लॉक वायसर आधी आणून ठेवा.